कामगारांचे मिस्टर जॉर्ज

चॉकलेटच्या वेष्टनावरील कॅडबरी हे नाव आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. जॉर्ज कॅडबरी (१८३९–१९२२) हे क्वेकर पंथाचे ख्रिस्ती गृहस्थ. बर्मिंगहॅम येथील वडिलांचा डबघाईस आलेला धंदा १८६१ साली त्यांनी व थोरले बंधू रिचर्ड यांनी हाती घेतला. ते कामगारांबरोबर राबत, सकाळी त्यांच्यासह शास्त्रवाचन करीत. कामगारही त्यांना मिस्टर जॉर्ज म्हणूनच हाक मारीत.

सुमारे पन्नास वर्षे दर रविवारी सकाळी त्यांनी प्रौढांच्या शाळेत कष्टकऱ्यांस लिहावयास, वाचावयास व पवित्र शास्त्र शिकविले. या माणसांची घरे किती कोंदट आहेत, हे त्यांना तेथेच कळले. कारखाना १८७९ साली शहराबाहेर बोर्नव्हिल येथे नेला होता. त्याच्याजवळ १८९५ पासून त्यांनी बागांसह घरे बांधविली आणि १९०० साली ती वसाहत विश्वस्तांच्या स्वाधीन केली.

परंतु एक गोष्ट आम्ही झाकून ठेवू इच्छीत नाही. त्यांचा बराच कोको पोर्तुगीजांच्या साओ टोमे बेटावरून येई, व तेथील मळ्यांत मजुरांस गुलामांसारखे राबवीत. ही वार्ता १९०१ साली कंपनीच्या कानी आली. चौकशीत व वाटाघाटींत वर्षे गेली आणि खरेदी १९०९ साली थांबली.

शब्बाथशाळेत हे चरित्र सांगताना शिक्षकांनी दोन्ही गोष्टी सांगाव्यात, अशी आमची विनंती आहे. रोज दारी येणाऱ्याचे दुःख ऐकणारा धनी चांगलाच; पण जो दारापर्यंत पोहोचू शकत नाही, त्याचाही हिशेब प्रभू आपणांपासून घेईल.