दुखण्याची दाद घेणाऱ्या सिसिलीबाई

कर्करोगाच्या रोग्याला मोठ्या इस्पितळातून घरी पाठवतात आणि आता करण्यासारखे काही उरले नाही असे सांगतात, हे आपल्यापैकी पुष्कळजणींनी पाहिले आहे. पुढचे दिवस मग घरातल्या बाईवर येऊन पडतात. त्या दिवसांतही करण्यासारखे पुष्कळ असते, हे जिने साऱ्या जगाला दाखवून दिले त्या बाईची ही हकीकत.

सिसिली सॉन्डर्स यांचा जन्म २२ जून १९१८ रोजी लंडनजवळ बार्नेट येथे, खाऊनपिऊन सुखी घरात झाला. ऑक्सफर्डला शिकत असता महायुद्ध पेटले. १९४० साली त्यांनी शिक्षण सोडले आणि लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी काढलेल्या शाळेत परिचारिकेचे काम शिकू लागल्या. १९४४ साली त्या परिचारिका झाल्या, पण पाठीच्या दुखण्याने घात केला. रोग्याला उचलणे, कुशीवर वळवणे त्यांना झेपेना. तेव्हा १९४७ साली त्या रोग्यांच्या घरच्या अडचणी पाहणाऱ्या इस्पितळातल्या सेविका झाल्या.

तेथे त्यांना डेव्हिड तास्मा हा पोलंडचा निर्वासित भेटला. वय चाळीस, हॉटेलात वाढप्याचे काम, जवळचे कोणी नाही आणि कर्करोग. शांतपणे मरता येईल अशी एखादी जागा असावी, असे दोघे बोलत बसत. १९४८ साली तो वारला आणि अशा घराची एक खिडकी व्हावे या इच्छेने पाचशे पौंड त्यांच्या नावे ठेवून गेला.

मग दिवसाची नोकरी करून संध्याकाळी सिसिलीबाई सेंट ल्यूक्स या मरणोन्मुखांच्या इस्पितळात फुकट सेवेला जाऊ लागल्या. तेथे एक निराळी रीत होती. इतरत्र रोगी कळवळू लागला म्हणजेच मॉर्फिन देत, तेही व्यसन लागेल म्हणून हात आखडून. येथे मात्र घड्याळ पाहून, कळ उठायच्या आत ते तोंडावाटे देत. आपण डब्यातले पीठ खडखडेपर्यंत थांबतो का? आधीच दळण टाकतो, तसेच हे.

हे सगळीकडे व्हावे असे बाईंना वाटे. पण परिचारिकेचे कोण ऐकणार? एका शल्यवैद्याने त्यांना डॉक्टर होण्याचा सल्ला दिला. तिशी उलटलेल्या सिसिलीबाई १९५१ साली वैद्यकाच्या वर्गात जाऊन बसल्या आणि १९५७ साली डॉक्टर झाल्या. त्या वयात पोरासोरांबरोबर परीक्षा देणे सोपे नव्हे!

१९५८ पासून सेंट जोसेफ येथे जोगिणींच्या इस्पितळात त्यांनी हजारांवर रोग्यांच्या नोंदी ठेवल्या. वेळच्या वेळी, बेताचे औषध दिले तर रोगी गुंगीत पडून राहत नाही, बोलतो, जेवतो आणि व्यसनीही होत नाही, असे त्यांना दिसले. शिवाय दुखणे नुसते शरीराचे नसते. मुलांचे कसे होईल ही चिंता, पैशाची ओढाताण, देवावरचा रुसवा, हे सारे त्यात मिसळलेले असते. अशा सगळ्या दुखण्याला मिळून त्यांनी संपूर्ण वेदना असे नाव दिले.

१९६७ साली लंडनमध्ये त्यांचे सेंट क्रिस्टोफर्स सुरू झाले. खाटा ५४, आणि तास्माच्या नावाची खिडकीही तेथे आहे. एकोणीस वर्षे लागली! १९६९ पासून तेथल्या परिचारिका रोग्यांच्या घरीही जाऊ लागल्या. १९८० साली, साठी उलटल्यावर, बाईंनी एका पोलिश चित्रकाराशी लग्न केले. १४ जुलै २००५ रोजी त्या स्वतः कर्करोगानेच, आपल्याच या संस्थेत वारल्या.

आपल्या देशात असे पहिले घर १९८६ साली मुंबईत वांद्र्याला निघाले, शांती आवेदना. मात्र १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे मॉर्फिन मिळणे फार कठीण झाले होते. २०१४ साली तो सैल करण्यात आला. पुण्यात वारजे येथे १९९७ पासून सिप्लाचे केंद्र आहे. तेथे रोग्याकडून पैसे घेत नाहीत, आणि त्याची शुश्रूषा कशी करावी हे सोबत आलेल्या घरच्या माणसालाही शिकवतात.