भास्कराचार्य : सावलीवरून उंची सांगणारे गणिती

आपण महाड-पोलादपूरची माणसे डोंगरांच्या सावलीत वाढलो. एकीकडे रायगड, दुसरीकडे प्रतापगड. त्यांची उंची आपण पुस्तकात वाचतो. पण वरून दोरी न सोडता ती कळते कशी? दहावीच्या वर्गात काटकोन त्रिकोण व उन्नत कोन आला की पुष्कळ मुले घाबरतात. हे गणित आपल्यासाठी नाही, असे म्हणून काही घरांत, विशेषतः मुलींच्या बाबतीत, विषयच सोडून दिला जातो. हा गैरसमज दूर व्हावा म्हणून सह्याद्रीच्याच आश्रयाने वाढलेल्या एका थोर गणितीची ओळख येथे करून देत आहोत.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ मध्ये झाला. सह्याद्रीलगतचे विज्जडविड हे आपले गाव असल्याचे त्यांनी स्वतःच नमूद केले आहे. वडील महेश्वर हे ज्योतिषशास्त्राचे जाणकार होते व तेच त्यांचे गुरू. वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ हा ग्रंथ पुरा केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित व गोलाध्याय हे त्याचे चार भाग. पुढे ११८३ मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर, त्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिला. अभ्यासाला वयाची अट नसते, हे पालकांनीही ध्यानात घ्यावे.

‘लीलावती’त सावलीच्या गणिताचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यातले एक उदाहरण पाहा. दिव्यापासून ३ हात अंतरावर १२ अंगुळे उंचीचा शंकू, म्हणजे एक सरळ खुंटी, उभी आहे. तिची सावली १६ अंगुळे पडते. तर दिवा किती उंचीवर आहे? एका हाताची २४ अंगुळे, म्हणून अंतर झाले ७२ अंगुळे. खुंटी, तिची सावली आणि प्रकाशाचा किरण यांचा एक लहान काटकोन त्रिकोण होतो. खुंटीच्या टोकापासून दिव्यापर्यंत तशाच आकाराचा मोठा त्रिकोण होतो. लहान त्रिकोणात १६ ला १२, तर मोठ्यात ७२ ला किती? ५४. त्यात खुंटीची १२ मिळवली की ६६ अंगुळे, म्हणजे पावणेतीन हात. सारे काम त्रैराशिकाने झाले!

दिव्याच्या पायथ्याशी जाता येत नसेल तर? त्याचीही तोड आचार्यांनी सांगितली आहे. खुंटी दोन जागी रोवायची, दोन्ही सावल्या मोजायच्या व त्यांतील फरकावरून अंतर आणि उंची दोन्ही काढायची. नदीपलीकडच्या कड्याची उंची दोन ठिकाणांहून कोन मोजून काढतात, त्यामागे हाच विचार आहे. गोलाध्यायात तर त्यांनी अनेक यंत्रांचे वर्णन करून शेवटी धीयंत्र सांगितले. धी म्हणजे बुद्धी. हे यंत्र म्हणजे हातातली साधी काठी! तिच्या रोखाने बांबूचे बूड व शेंडा पाहून त्याचे अंतर व उंची ठरवायची. महागडे साधन नाही म्हणून अडून बसणाऱ्यांना हे उत्तम उत्तर आहे.

या ज्ञानाने धर्माची वा भाषेची कुंपणे मानली नाहीत. अकबर बादशहाच्या आज्ञेवरून कवी फैजीने १५८७ मध्ये ‘लीलावती’चे फारसीत भाषांतर केले. घटिकापात्रात मोती पडून लीलावतीच्या लग्नाचा मुहूर्त टळला, ही सर्वश्रुत कथा फैजीच्याच प्रस्तावनेत आढळते. पुढे शहाजहानच्या काळात, उस्ताद अहमद लाहोरी यांचे पुत्र अताउल्ला रुश्दी यांनी ‘बीजगणिता’चे फारसी भाषांतर केले. त्याआधीच भारतातील ‘ज्या’, अर्थात जीवा, हा शब्द अरबांनी ‘जीब’ म्हणून घेतला होता. त्याचाच लॅटिन अनुवाद ‘सायनस’ झाला आणि आज आपली मुले ‘साइन’ म्हणून तोच पाठ करतात. असे हे शास्त्र सर्वांच्या श्रमाने वाढले; ते कोणालाही परके नाही.

आचार्यांचे नातू चांगदेव हे यादव राजा सिंघण याच्या पदरी ज्योतिषी होते. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्यांनी चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ स्थापन केला. तेथील १२०७ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत असून, मठाच्या खर्चासाठी बाजारातील खरेदी-विक्रीवर व तेलाच्या घाण्यावर ठरवून दिलेला वाटा त्यात कोरला आहे. विद्या केवळ विद्वानाच्या बुद्धीवर टिकत नाही. गावातल्या दुकानदाराने व तेल्याने आपला हिस्सा दिला, तेव्हा ती टिकली. शिक्षण संस्था चालविणाऱ्या आपणा सर्वांना यापेक्षा मोठा दाखला कोणता हवा?

मुलामुलींनो, उद्या ऊन पडले की एक मीटरची काठी सपाट जमिनीवर उभी करा. तिची सावली दीड मीटर असेल, आणि त्याच वेळी अंगणातल्या माडाची सावली अठरा मीटर भरली, तर माड बारा मीटर उंच. मशिदीचा मिनार, शाळेची इमारत, पाण्याची टाकी यांची उंचीही अशीच काढून वहीत लिहा. पालकांनी मोजपट्टीचे दुसरे टोक धरावे. गणिताची भीती घालविण्यास एवढी मदत पुरेशी आहे.