मे. पुं. रेगे

मेघश्याम पुंडलिक रेगे (२४ जानेवारी, १९२४ – २८ डिसेंबर, २०००) हे मराठी तत्त्वचिंतक, तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक व संपादक होते. डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १९५४ साली दादर येथे स्थापन केलेल्या कीर्ती महाविद्यालयात त्यांनी तत्त्वज्ञानाचे अध्यापन केले. पुढे ते तेथील प्राचार्य झाले. ‘पाश्चात्य नीतिशास्त्राचा इतिहास’ हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध आहे.

तर्कशास्त्र आणि न्यायदर्शन

आधुनिक विद्यापीठांत तर्कशास्त्र म्हणून शिकविले जाते ते मुख्यतः ॲरिस्टॉटलपासून फ्रेगे व रसेल यांच्यापर्यंतचे. न्यायदर्शनाची जिवंत परंपरा मात्र संस्कृत पंडितांकडे राहिली. अनुमान या एकाच विषयावर आयुष्य वेचणारे हे दोन वर्ग परस्परांशी बोलतच नव्हते. पंडितांना इंग्रजी येत नसे आणि प्राध्यापकांना नव्यन्यायाची परिभाषा उमगत नसे. ही कोंडी फोडण्याचा रेगे यांचा प्रयत्न त्यांच्या कार्यात विशेष महत्त्वाचा मानावा लागेल.

१९८३ साली पुण्यात त्यांच्या पुढाकाराने नैयायिक पंडित व पाश्चात्य तत्त्वज्ञानाचे अभ्यासक एकत्र आले. रसेलचा विधानविषयक सिद्धान्त संस्कृतात मांडून पंडितांपुढे ठेवण्यात आला. पंडितांना जुने ग्रंथ केवळ समजावून सांगण्यास न बोलावता, एका आधुनिक प्रश्नावर मत मागण्यात आले, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

प्रश्न वरवर किरकोळ दिसतो. वाक्याहून आणि ते उच्चारणाऱ्याच्या ज्ञानाहून वेगळे असे ‘विधान’ नावाचे काही असते काय? आकारिक तर्कशास्त्राला ते गृहीत धरणे सोयीचे असते. ‘सर्व मासे उडतात, पापलेट हा मासा आहे, म्हणून पापलेट उडते’ हा युक्तिवाद त्या शास्त्रानुसार वैध ठरतो. पहिले विधान असत्य असले तरी आकारात दोष नाही. नैयायिक येथेच अडतो. त्याच्या दृष्टीने अनुमान म्हणजे कोणा ज्ञात्याला होणारे ज्ञान. पर्वतावर धूर पाहून अग्नीचे अनुमान करताना धूर आणि अग्नी यांची व्याप्ती खरी असावी लागते. म्हणूनच प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय व निगमन या पाच अवयवांत स्वयंपाकघराचे उदाहरण येते. व्याप्तीच खोटी असेल तर हेतू दुष्ट ठरतो व त्यातून प्रमा निपजत नाही.

आकारिक तर्कशास्त्राची काटेकोर यंत्रणा ज्ञात्याला वगळूनच उभी राहते; तर ज्ञात्याला सोडावयास तयार नसलेल्या न्यायाला निव्वळ आकाराचे स्वतंत्र शास्त्र उभारता येत नाही. माणूस प्रत्यक्षात विचार कसा करतो, हे यांपैकी कोणते शास्त्र अधिक नेमके सांगते, याचा निर्णय पुण्यात झाला नाही आणि तो सहज होण्यासारखाही नव्हता. या चर्चेचा ‘संवाद’ हा ग्रंथ १९९१ साली प्रकाशित झाला. दयाकृष्ण, रा. च. द्विवेदी व मुकुंद लाठ यांच्यासह रेगे त्याचे संपादक होते.

अन्य कार्य

वाईच्या प्राज्ञपाठशाळेशी त्यांचा निकटचा संबंध होता. ‘नवभारत’ मासिक तसेच ‘न्यू क्वेस्ट’ हे इंग्रजी नियतकालिक त्यांनी संपादित केले. १९९४ साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांचे निधन झाल्यानंतर मराठी विश्वकोशाच्या अध्यक्षपदाची धुरा त्यांच्याकडे आली.