लक्ष्मीबाई टिळक

नाशिकजवळ गोदावरीच्या काठी जलालपूर नावाचे एक लहानसे खेडे आहे. या खेड्यात गोखले यांच्या घरी १ जून १८६८ रोजी एक मुलगी जन्मास आली. तिचे नाव मनकर्णिका असे ठेवले होते; पण घरची मंडळी तिला मनू म्हणत. हीच मनू पुढे लक्ष्मीबाई टिळक या नावाने महाराष्ट्राला परिचित झाली.

मनूच्या घरी सोवळ्याओवळ्याचे प्रस्थ फार होते. १८५७ च्या धामधुमीत तिच्या आजोबांना फाशी देण्यात आले. त्या प्रसंगाचा तिच्या वडिलांच्या मनावर असा काही आघात झाला, की तेव्हापासून जगातील प्रत्येक वस्तू त्यांना विटाळलेली वाटू लागली. बाजारातून आणलेले धान्य तर धुवायचेच; पण मीठ आणि साखर यांसारखे जिन्नसही पाण्यातून काढल्यावाचून घरात घ्यायचे नाहीत, असा त्यांचा दंडक होता. पाण्यात घातलेल्या साखरेचे आणि मिठाचे काय होत असेल, ते सांगावयास नको! घरातील बायकामुलांना या सोवळ्यापायी अतोनात कष्ट पडत. मुलांनी कोठे शिवावे, कोठे बसावे, कोणाशी खेळावे, या सगळ्याला नियम होते. पुढे मोठेपणी लक्ष्मीबाईंनी या दिवसांची हकीकत लिहिली, ती मात्र हसत हसत लिहिली. वडिलांविषयी तिच्यात कोठेही कडवटपणा नाही.

त्या काळच्या रूढीप्रमाणे मनूचे लग्न तिच्या अकराव्या वर्षी झाले. तिचे पती नारायण वामन टिळक हे तिच्याहून सहासात वर्षांनी मोठे होते. त्यांचा जन्म १८६१ साली कोकणात करजगाव येथे झाला. आईवर त्यांचे अतिशय प्रेम होते. ती वारल्यावर हा मुलगा घर सोडून निघाला आणि पायी चालत नाशिकला आला. तेथे त्याने मोठ्या निष्ठेने संस्कृत विद्येचा अभ्यास केला. टिळक बुद्धिमान होते, कवी होते, आणि मनाने अत्यंत उदार होते. परंतु त्यांचा स्वभाव तापट होता आणि एका जागी त्यांचा पाय ठरत नसे. आज या गावी नोकरी, तर उद्या त्या गावी. कधी कधी तर घरी न सांगताच ते निघून जात. संसार कसा चालवावा, ही चिंता एकट्या लक्ष्मीबाईंच्या वाट्याला येई. हातात चार पैसे आले, की ते वाटेत भेटलेल्या गरजू माणसाला देऊन टिळक रिकाम्या हाताने घरी परतत. अशा वेळी लक्ष्मीबाई चिडत, भांडत, आणि मग स्वतःच हसू लागत.

लक्ष्मीबाईंनी शाळेचे तोंड पाहिले नव्हते. टिळकांनीच त्यांना लिहावयास वाचावयास शिकविले. मुलींना शिकविणे हे त्या काळी पुष्कळांना पसंत नसे. आणि टिळकांसारखा उतावळा शिक्षक लाभल्यावर शिष्येची काय अवस्था होत असेल, याची कल्पना करता येईल. तरीही अक्षरओळख झाली. ती पुढे किती उपयोगी पडणार होती, हे त्या वेळी दोघांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते.

टिळकांच्या मनाला धर्माचा ध्यास लागलेला होता. सर्व माणसे भावाबहिणींप्रमाणे राहतील, उच्चनीच भाव उरणार नाही, असा धर्म कोणता, याचा ते सतत विचार करीत. १८९३ च्या सुमारास मध्य भारतातील राजनांदगाव या संस्थानी गावाकडे जात असता आगगाडीच्या डब्यात त्यांची एका युरोपीय प्रवाशाशी गाठ पडली. दोघांत कवितेच्या आणि धर्माच्या गोष्टी झाल्या. उतरताना त्या गृहस्थाने टिळकांना बायबलातील नव्या कराराचे पुस्तक दिले. टिळकांनी ते पुस्तक वाचावयास घेतले. आणि येशू ख्रिस्ताने डोंगरावर केलेले प्रवचन वाचल्यावर त्यांना पुस्तक खाली ठेववेना. शत्रूवरही प्रेम करावे, दिलेल्या दानाचा गाजावाजा करू नये, दुसऱ्याचे दोष पाहण्याआधी आपले पाहावेत, अशी शिकवण त्या प्रवचनात आहे. टिळकांच्या मनाने ती धरली. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली.

आजच्या मुलांना या गोष्टीचे गांभीर्य सहजी कळणार नाही. त्या काळी धर्मांतर करणारा मनुष्य आपल्या नातलगांना मेल्यासारखा होई. त्याच्या हातचे पाणी कोणी पीत नसे, त्याच्या पंक्तीला कोणी बसत नसे. त्याच्या पत्नीची स्थिती तर फारच कठीण. पती जिवंत असून तिने त्याच्यापासून दूर राहावयाचे! लक्ष्मीबाई त्या वेळी अवघ्या सव्वीस वर्षांच्या होत्या. त्यांची काही मुले लहानपणीच गेली होती. दत्तू हा एकच लहानगा त्यांच्याजवळ होता. बातमी ऐकून त्यांना वेड लागावयाची पाळी आली. आप्तांनी त्यांना सांभाळले. त्यांच्या बहिणीचे यजमान तेव्हा सोलापूर जिल्ह्यात पंढरपूर येथे होते. लक्ष्मीबाई दत्तूला घेऊन त्यांच्याकडे राहू लागल्या.

पंढरपुरात चंद्रभागेचे वाळवंट होते, विठ्ठलाचे देऊळ होते, वारकऱ्यांचा गजर होता; बहिणीची माया होती. पण मनाला स्वस्थता नव्हती. टिळकांची पत्रे येत. त्यांनी धर्म बदलला होता, पण पत्नीला टाकले नव्हते. इकडे लक्ष्मीबाईंनी आपला धर्म सोडला नव्हता, आणि पतीवरची मायाही त्यांना सोडता येत नव्हती. या दोन्ही गोष्टी एका मनात कशा राहाव्यात? याच काळात लक्ष्मीबाईंच्या मुखातून कविता बाहेर पडू लागल्या. शिकवून आलेली ती कविता नव्हती. दुःख अनावर झाले, म्हणून ती आली.

अशी चार-पाच वर्षे गेली. शेवटी लक्ष्मीबाईंनी निश्चय केला, आणि त्या टिळकांकडे अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, येथे राहावयास आल्या. नातलगांची नाराजी त्यांनी पत्करली. मात्र त्या आल्या, त्या हिंदू म्हणूनच आल्या. त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळे, सोवळेओवळे कायम. टिळक तर त्या वेळी ख्रिस्ती पाठशाळेत शिकवीत होते. भोवतालची सारी वस्ती ख्रिस्ती. तरी पत्नीने धर्म सोडावा, असा आग्रह त्यांनी धरला नाही. तापट म्हणून प्रसिद्ध असलेल्या या मनुष्याने येथे जो धीर दाखविला, तो त्यांच्या कवितांइतकाच मोठा म्हटला पाहिजे.

मग लक्ष्मीबाई बदलल्या कशा? कोणी उपदेश केला म्हणून नव्हे, की धाक घातला म्हणून नव्हे. त्या स्वतःच विचार करू लागल्या. जातिभेद देवाने केला, की माणसाने? देवाने केला असता, तर निरनिराळ्या जातींच्या माणसांत त्याने काही तरी खूण ठेवली असती. गाय आणि घोडा यांत जसा भेद दिसतो, तसा माणसामाणसांत दिसला असता. पण सर्व माणसे सारखीच जन्मतात, त्यांना भूक सारखीच लागते, आणि ती मरतातही सारखीच. तेव्हा हा भेद माणसानेच केला असला पाहिजे. जिच्या घरी साखरही धुऊन घेत असत, त्या मुलीने आपल्या बुद्धीने हा निर्णय केला. आणि एकदा निर्णय झाल्यावर कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास त्या कचरल्या नाहीत. हळूहळू ख्रिस्ताच्या शिकवणुकीवर त्यांची श्रद्धा बसली आणि १९०० साली त्यांनीही दीक्षा घेतली.

तो काळ मोठ्या दुष्काळाचा होता. १८९९ व १९०० या वर्षांत महाराष्ट्रात अन्नाविना माणसे आणि गुरे मेली. त्यापाठोपाठ प्लेगच्या साथी येत होत्या. आईबापांवाचून उरलेली मुले टिळक घरी घेऊन येत आणि लक्ष्मीबाई त्यांना पोटाशी धरीत. कोणाच्या डोक्यात उवा, कोणाच्या अंगावर खरूज. पूर्वी ज्या बाईने अशा मुलाची सावलीही टाळली असती, ती आता त्याला स्वतःच्या हातांनी न्हाऊ घालीत होती. प्लेगच्या दिवसांत सख्खी माणसे रोग्याला टाकून पळत, तेव्हा लक्ष्मीबाई आजाऱ्यांच्या उशापायथ्याशी राबल्या. घरात सदा माणसांची वर्दळ असे. पैसा मात्र नसे.

त्या घरात आणखी एक मुलगा वावरत असे. त्याचे नाव त्र्यंबक बापूजी ठोमरे. त्यालाच आपण बालकवी म्हणतो. टिळकांनी त्याची प्रतिभा ओळखून त्याला जवळ केले, आणि लक्ष्मीबाईंनी त्याच्यावर पोटच्या मुलासारखी माया केली. ठोमरे हिंदू होता आणि हिंदूच राहिला. त्याने या घराचे प्रेम घेतले ते धर्म न बदलता. १९१८ साली खानदेशात भादली येथे रेल्वेच्या रुळांवर त्याला अपघाती मृत्यू आला. या बातमीने टिळकांचे घर दुःखात बुडाले.

टिळकांची कीर्ती तोपर्यंत सर्वत्र झाली होती. फुलांमुलांचे कवी म्हणून लोक त्यांना ओळखू लागले होते. शिकाऱ्याच्या हातून घायाळ झालेल्या पक्षिणीवरची त्यांची करुण कविता घरोघर म्हटली जाई. ‘ज्ञानोदय’ या पत्राचे संपादनही ते करीत. अभंग आणि भजने रचून त्यांनी ख्रिस्ताची भक्ती संतांच्या मराठी वाणीत आणली. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. सर्व धर्मांच्या माणसांनी तेथे प्रेमाने एकत्र यावे, अशी त्यांची इच्छा होती. पण देहाने साथ दिली नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचा अंत झाला. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या देहाचे दहन करण्यात आले.

लक्ष्मीबाई एकट्या राहिल्या. पण रडत बसल्या नाहीत. मुलाबरोबर त्या काही काळ दूर कराचीस जाऊन राहिल्या. त्यांनी कीर्तने केली, कविता लिहिल्या. टिळकांनी १९०९ साली ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध करावयास आरंभ केला होता. ‘ख्रिस्तायन’ हे त्या काव्याचे नाव. जेमतेम दहाअकरा अध्याय झाले आणि ते काम अपुरे राहिले. ते पुरे करण्याचे लक्ष्मीबाईंनी मनावर घेतले. शाळेत न गेलेल्या, व्याकरण न शिकलेल्या या वृद्ध बाईंनी एकामागून एक ६४ अध्याय रचले.

याच सुमारास त्यांनी आपल्या आठवणीही लिहिल्या. त्या प्रथम ‘संजीवनी’ या साप्ताहिकातून येऊ लागल्या, आणि १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’ या नावाने पुस्तकरूपाने बाहेर पडू लागल्या. घरातल्या चुलीपाशी बसून आजीने नातवंडांना गोष्टी सांगाव्यात, तशी त्यांची भाषा आहे. वडिलांचे सोवळे, टिळकांचा राग आणि त्यांचे दातृत्व, पंढरपूरचे दिवस, दुष्काळातील मुले, ठोमऱ्याच्या खोड्या, सारे त्यात आहे. आणि लेखिका दुसऱ्या कोणापेक्षा स्वतःलाच अधिक हसली आहे. मोठमोठ्या पंडितांनी या पुस्तकाची थोरवी मान्य केली. पुढे त्याचा इंग्रजीत अनुवादही झाला.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे लक्ष्मीबाई निवर्तल्या. त्यांच्या जलालपूरपासून नाशिक फार लांब नाही. ‘ख्रिस्तायन’ त्यानंतर १९३८ साली छापून प्रसिद्ध झाले. त्याचे पहिले अध्याय टिळकांचे आहेत आणि पुढचे सर्व लक्ष्मीबाईंचे.