समुद्रातील इंधनाचे भाकीत करणारे होमी भाभा

अणुसंमीलनापासून स्वस्त वीज केव्हा मिळणार, या प्रश्नाला गेली सत्तर वर्षे शास्त्रज्ञ जवळपास एकच उत्तर देत आले आहेत : आणखी काही दशकांत. या उत्तराचा जाहीर प्रारंभ एका मुंबईकराने केला. ८ ऑगस्ट १९५५ रोजी जिनिव्हा येथे संयुक्त राष्ट्रांच्या अणुऊर्जा परिषदेचे अध्यक्षीय भाषण करताना डॉ. होमी जहांगीर भाभा यांनी सांगितले की, संमीलनातून निघणारी ऊर्जा नियंत्रित रीतीने वापरण्याचा मार्ग येत्या दोन दशकांत सापडेल आणि तो सापडला की जगाचा ऊर्जेचा प्रश्न कायमचा सुटेल. भाभांचे वय तेव्हा ४५ वर्षांचे होते. ज्या देशाच्या वतीने ते तेथे गेले होते, त्या देशात तोपर्यंत एकही अणुभट्टी उभी राहिलेली नव्हती.

होमी भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतील एका सुखवस्तू पारशी कुटुंबात झाला. वडील जहांगीर भाभा बॅरिस्टर होते. आत्या मेहेरबाई या जमशेटजी टाटांचे ज्येष्ठ पुत्र सर दोराबजी यांच्या पत्नी. त्यामुळे उद्योग, पोलाद आणि वीज हे विषय होमींच्या कानावर लहानपणापासून पडत होते. घरात उत्तम ग्रंथसंग्रह होता आणि पाश्चात्य संगीताच्या ध्वनिमुद्रिकाही होत्या. चित्रकलेची आवड त्यांनी अखेरपर्यंत जोपासली. कॅथेड्रल अँड जॉन कॉनन स्कूल, एल्फिन्स्टन महाविद्यालय आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स येथे शिक्षण झाल्यावर १९२७ मध्ये ते केंब्रिजला रवाना झाले.

मुलाने यंत्रअभियांत्रिकीची पदवी घ्यावी आणि जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात कामाला लागावे, अशी वडिलांची आणि दोराबजींची इच्छा होती. केंब्रिजला पोहोचल्यावर मात्र होमींचे मन पदार्थविज्ञानाकडे ओढ घेऊ लागले. आपला पिंड अभियंत्याचा नाही, असे त्यांनी वडिलांना पत्राने स्पष्ट कळवले. अभियांत्रिकीत प्रथम वर्ग मिळवला तर गणिताच्या अभ्यासासाठी आणखी खर्च करण्याची तयारी वडिलांनी दाखवली. होमींनी १९३० मध्ये तो मिळवला आणि पुढे गणिताची ट्रायपॉसही प्रथम वर्गात पूर्ण केली. पॉल डिरॅक हे त्यांच्या शिक्षकांपैकी एक होते. इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांच्या विकिरणाचे भाभांनी केलेले गणित आज जगभर भाभा विकिरण या नावाने ओळखले जाते. १९३७ मध्ये वॉल्टर हाइटलर यांच्यासह त्यांनी विश्वकिरणांच्या वर्षावाची उपपत्ती मांडली. अभियांत्रिकी सोडलेल्या या माणसाला अभियंत्याची दृष्टी मात्र कायमची लाभली होती.

१९३९ मध्ये सुट्टीसाठी भाभा भारतात आले असताना युरोपात महायुद्ध पेटले आणि परतीची वाट बंद झाली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत, सर सी. व्ही. रामन यांच्या सहवासात, त्यांनी काम सुरू केले. १९४१ मध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी, रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. युद्ध संपताच परदेशातील चांगल्या जागा त्यांना सहज मिळाल्या असत्या. परंतु मायदेशातच उत्तम संशोधन संस्था उभारणे हे आपले कर्तव्य आहे, असा त्यांचा निर्णय झाला होता. १२ मार्च १९४४ रोजी त्यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टचे अध्यक्ष सर सोराब सकलातवाला यांना पत्र लिहिले. काही दशकांनी अणुशक्ती विजेसाठी वापरली जाऊ लागेल, तेव्हा भारताला तज्ज्ञांसाठी परदेशाकडे पाहावे लागू नये, हा त्या पत्राचा आशय होता. हिरोशिमावर बाँब पडण्यास तेव्हा सतरा महिन्यांचा अवकाश होता. या पत्रातून १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था जन्माला आली. बंगळूरला प्रारंभ करून ती त्याच वर्षाअखेर मुंबईत पेडर रोडवरील केनिलवर्थ या बंगल्यात आली.

स्वातंत्र्यानंतर पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंचा पूर्ण विश्वास भाभांना लाभला. ऑगस्ट १९४८ मध्ये स्थापन झालेल्या अणुऊर्जा आयोगाचे ते अध्यक्ष झाले. १९५४ मध्ये अणुऊर्जा हे स्वतंत्र खाते झाले, तेव्हा त्याचे सचिवपदही त्यांच्याकडेच आले. त्यांच्यासमोरचा प्रश्न साधा पण बिकट होता. देशातील असंख्य घरांत चूल पेटत होती ती लाकूडफाटा आणि गोवऱ्यांवर. दगडी कोळसा होता, पण तो प्रामुख्याने बंगाल आणि बिहारच्या पट्ट्यात. मुंबईच्या गिरण्यांपर्यंत तो रेल्वेने आणण्याचा खर्च मोठा होता. तेल बाहेरून येत असे. भाभांच्या हिशेबात, कोळशाच्या खाणींपासून दूर असलेल्या पश्चिम भारतात अणुवीज औष्णिक विजेशी किमतीत बरोबरी करू शकणार होती.

इंधन कोणते, हा पुढचा प्रश्न. भारतात युरेनियम थोडे, पण केरळच्या किनाऱ्यावरील मोनाझाइट वाळूत थोरियम विपुल. थोरियम थेट जाळता येत नाही. म्हणून भाभांनी १९५४ मध्ये तीन पायऱ्यांची योजना मांडली. पहिल्या पायरीवर नैसर्गिक युरेनियमवर चालणाऱ्या अणुभट्ट्या वीज देतील आणि त्यांच्या वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम मिळेल. दुसऱ्या पायरीवर ते प्लुटोनियम वापरणाऱ्या जलद प्रजनक भट्ट्या जळते त्याहून अधिक इंधन तयार करतील. तिसऱ्या पायरीवर थोरियमपासून बनवलेले युरेनियम-२३३ देशाला दीर्घकाळ पुरेल. भारताचा अणुकार्यक्रम आजही याच आराखड्यावर उभा आहे.

जिनिव्हाच्या भाषणात त्यांनी हाच विचार साऱ्या जगासाठी मांडला. मानवी इतिहासाचे त्यांनी ऊर्जेच्या आधारे टप्पे पाडले. पहिला माणसाच्या व जनावरांच्या स्नायूंच्या बळाचा, दुसरा कोळसा व तेलाचा, तिसरा अणूचा. साऱ्या जगाने अमेरिकेइतकी ऊर्जा वापरायची ठरवली तर कोळसा व तेलाचे साठे शतकभरही पुरणार नाहीत, असा त्यांचा हिशेब होता. गरीब देशांनी श्रीमंतांच्या बरोबरीने जगायचे असेल तर नवे इंधन हवेच. विखंडन हे त्यांतील पहिले पाऊल. त्यापुढचे संमीलनाचे, कारण त्याचे इंधन म्हणजे जड हायड्रोजन, अर्थात ड्युटेरियम. समुद्राच्या प्रत्येक घनमीटर पाण्यात ते सुमारे ३३ ग्रॅम असते आणि समुद्रावर कोणा एका देशाची मालकी नाही.

या भाकिताने सभागृहात खळबळ उडाली, कारण हा विषय परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेवर नव्हता. सूर्याच्या गाभ्यात हायड्रोजनची केंद्रके एकत्र येऊन ऊर्जा बाहेर पडते, हे ज्ञात होते. १९५२ मध्ये हायड्रोजन बाँबची चाचणी झाली होती. पण संमीलन काबूत आणून वीज निर्माण करण्याचे अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत संघातील प्रयोग लष्करी गुपित मानले जात. भाभांनी तो विषय उघडपणे मांडल्यावर आपल्या देशातही असे काम चालू असल्याची कबुली अमेरिकेला द्यावी लागली. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९५६ मध्ये, सोव्हिएत शास्त्रज्ञ इगोर कुर्चातोव्ह यांनी ब्रिटनमधील हार्वेल येथे आपल्या देशातील प्रयोगांवर व्याख्यान दिले. १९५८ च्या दुसऱ्या जिनिव्हा परिषदेत गुप्ततेचा पडदा बव्हंशी दूर झाला.

भाभा स्वतः मात्र संमीलनाची वाट पाहत बसले नाहीत. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भे येथे अप्सरा ही अणुभट्टी कार्यान्वित झाली. भट्टी भारतीय अभियंत्यांनी बांधली होती, इंधन ब्रिटनचे होते. १९६० मध्ये कॅनडाच्या साहाय्याने सायरस ही मोठी भट्टी सुरू झाली. १९६२ मध्ये पंजाबात नांगल येथे जड पाण्याचे उत्पादन सुरू झाले. तेथे भाक्रा धरणाच्या विजेने पाण्याचे विघटन करून खतासाठी हायड्रोजन काढला जाई आणि त्याच प्रक्रियेत जड पाणी वेगळे केले जाई. एकाच हायड्रोजनापासून शेताला खत आणि अणुभट्टीला जड पाणी, हे भाभांच्या काटकसरीचे उत्तम उदाहरण होते. देशातील पहिल्या अणुवीज केंद्रासाठी त्यांनी मुंबईच्या उत्तरेस तारापूरची जागा निवडली. तेथील अमेरिकी भट्ट्या समृद्ध युरेनियमवर चालणाऱ्या, म्हणजे तीन पायऱ्यांच्या योजनेबाहेरच्या होत्या. लवकर वीज देऊन अणुवीज परवडते हे सिद्ध करण्यासाठी भाभांनी ही तडजोड स्वीकारली. १९७४ च्या अणुचाचणीनंतर परदेशी इंधनाचा हा पुरवठा अडचणीत आला, तेव्हा तडजोडीची किंमत देशाला कळली.

भाभांचे टीकाकारही होते. थोर शास्त्रज्ञ आणि खासदार मेघनाद साहा यांनी अणुकार्यक्रमातील गुप्ततेवर आणि एकाच व्यक्तीच्या हाती एकवटलेल्या अधिकारांवर संसदेत बोट ठेवले होते. भाभांचे अंदाजही पुष्कळदा वास्तवाच्या पुढे धावत. १९८० पर्यंत देशात ८,००० मेगावॉट अणुवीज होईल, असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात १९८० मध्ये त्याच्या एक दशांशही क्षमता उभी राहिलेली नव्हती. तो आकडा गाठायला एकविसाव्या शतकाचे तिसरे दशक उजाडावे लागले.

२४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्नातील आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीस निघालेले भाभा एअर इंडियाच्या कांचनजंगा या विमानात होते. आल्प्समधील माँ ब्लाँ पर्वतावर ते विमान कोसळले आणि त्यातील सर्व ११७ जण मृत्युमुखी पडले. त्याच दिवशी दिल्लीत इंदिरा गांधी यांनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली. भाभा ५६ वर्षांचे होते. तारापूरची वीज त्यांनी पाहिली नाही, ती १९६९ मध्ये आली. तुर्भे येथील केंद्राला १९६७ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.

त्यांनी दिलेली वीस वर्षांची मुदत १९७५ मध्ये संपली, तेव्हा संमीलनातून एक दिवाही लागलेला नव्हता. अडचण इंधनाची नव्हती. कोट्यवधी अंश तापमानाचा प्लाझ्मा पुरेसा वेळ बांधून ठेवता येत नव्हता. १९९७ मध्ये ब्रिटनमधील जेट या यंत्राने २४ मेगावॉट उष्णता पुरवून १६ मेगावॉट संमीलन-ऊर्जा मिळवली. ५ डिसेंबर २०२२ रोजी कॅलिफोर्नियातील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत इंधनाच्या गोळीवर पडलेल्या २.०५ मेगाज्यूल लेसर-ऊर्जेतून ३.१५ मेगाज्यूल ऊर्जा निघाली, पण ते लेसर चालवण्यासाठीच सुमारे ३०० मेगाज्यूल वीज लागली होती. फ्रान्समध्ये उभ्या राहत असलेल्या इटर या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात भारत भागीदार आहे. गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत आदित्य हे भारतीय टोकामॅक १९८९ मध्येच सुरू झाले होते. इटरच्या २०२४ मधील सुधारित वेळापत्रकानुसार तेथे ड्युटेरियम व ट्रिटियमचे प्रयोग २०३९ मध्ये अपेक्षित आहेत, म्हणजे भाभांच्या भाषणानंतर ८४ वर्षांनी.

भाभांची मुदत चुकली, हे निर्विवाद. परंतु त्या मुदतीमागचा प्रश्न त्यांनी अचूक ओळखला होता. ज्या देशाकडे तेल नाही आणि कोळसा दूर आहे, त्याने आपल्या वाळूत आणि समुद्रात इंधन शोधावे, आणि ते हाती येईपर्यंत माणसे घडवावीत, ही त्यांची रीत होती. विजेचे दर आणि तेलाची आयात यांवर आजही तोच वाद चालू आहे. समुद्रातील जड हायड्रोजन तेथेच आहे. तो वापरण्याचे कौशल्य भारतीयांच्या हाती असावे, यासाठी त्यांनी उभ्या केलेल्या संस्था आजही काम करीत आहेत.