विश्लेषण : रिमोटचा सेल चार्ज का होत नाही? एडिसन यांची दहा वर्षे घेणाऱ्या बॅटरीची गोष्ट

टीव्हीच्या रिमोटमधला सेल संपला की आपण तो फेकतो, मोबाइल मात्र रोज चार्जिंगला लावतो. थॉमस अल्वा एडिसन यांचा या दोन्ही जातींच्या सेलशी आयुष्यभर संबंध आला. सुरुवातीलाच त्यापायी नोकरी गेली.

1867 च्या सुमारास विशीतले एडिसन अमेरिकेतील लुईव्हिल शहरात तारयंत्र चालवत. रात्रपाळीत बॅटरीवर प्रयोग करताना सल्फ्युरिक ॲसिड सांडले आणि फळ्यांच्या फटींतून खालच्या मजल्यावर साहेबांच्या टेबलावर झिरपले. दुसऱ्या दिवशी हाती नारळ.

न चार्ज होणारा सेल म्हणजे काय?

तारयंत्रे तेव्हा प्रामुख्याने जस्ताच्या सेलवर चालत. जस्त विरघळताना सुटणारे इलेक्ट्रॉन तारेतून वाहतात. जस्त संपले की वीज संपली. म्हणजे जस्त हे इंधनच. पुढे एडिसन यांच्या नावाने विकला गेलेला एडिसन-लालांद सेलही याच जातीचा. फोनोग्राफ आणि रेल्वे सिग्नल त्यावर चालत. संपला की नवे जस्त, नवे द्रावण घालावे लागे.

रिमोटच्या सेलमध्येही जस्तच असते. तो चार्जरला लावला तर जस्त मूळ जागी, मूळ आकारात नीट परतत नाही. आत वायू साठून सेल गळू किंवा फुटू शकतो. (प्रयोग करू नका. हॉस्टेलवर झालेला पाहिला आहे.)

मग चार्ज होणारा वेगळा कसा?

उलट दिशेने वीज सोडल्यावर रासायनिक क्रियाही उलटी फिरली आणि पदार्थ पूर्वस्थितीत आले, तर सेल चार्ज होतो. फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी 1859 मध्ये शिसे-ॲसिड सेलमध्ये हे साधले होते. एडिसन यांना मात्र ते जड शिसेही नको होते आणि ॲसिडही. विजेच्या मोटारींसाठी त्यांनी निकेल, लोखंड आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा सेल बनवला. वापरताना लोखंडाचे हायड्रॉक्साइड होते, चार्ज करताना पुन्हा लोखंड. ते द्रावणात वाहून जात नाही, जागेवरच राहते. खरी गोम इथे आहे.

1903 च्या सुमारास सेल बाजारात आला, जोरदार गाजावाजा झाला. आणि डबे गळू लागले, क्षमता घटू लागली. एडिसन यांनी उत्पादन थांबवले, विकलेला माल परत घेतला. निकेलच्या बाजूला वीज वाहावी म्हणून घातलेले ग्राफाइट टिकत नव्हते. त्याजागी निकेलचेच अतिपातळ पापुद्रे घातले. सुधारित सेल यायला 1909 उजाडले.

तोवर त्यांचे मित्र हेन्री फोर्ड यांची पेट्रोलवरची मॉडेल टी रस्त्यावर आली होती. 1912 मध्ये कॅडिलॅकने मोटारीला विजेचा स्टार्टर दिला. त्याला थंडीतही क्षणभर जबर करंट देणारी बॅटरी लागे, आणि थंडीत निकेल-लोखंड ढेपाळत असे. बाजी मारली ती शिसे-ॲसिडने. आजही बॉनेट उघडले की बहुधा तीच दिसते.

एडिसन यांचा सेल खाणकामगारांच्या दिव्यांत आणि रेल्वेत गेला. 1931 मध्ये ते वारले. सेल अमेरिकेत 1970 च्या दशकापर्यंत बनत राहिले.