जेम्स वॅट आणि त्याची हत्यारे

विद्यार्थिमित्रांनो, किटलीचे झाकण उडताना पाहून जेम्स वॅटने वाफेचे इंजिन शोधले, असे तुम्ही ऐकले असेल. ते विसरा. न्यूकोमेनचे इंजिन १७१२ सालीच चालू झाले होते. वॅट जन्मला १७३६ साली, स्कॉटलंडमधील ग्रीनॉक गावी. प्रकृती नाजूक, त्यामुळे शाळा वारंवार बुडे. पण वडिलांनी आपल्या कारखान्यात त्याला स्वतःची हत्यारे दिली. पालकांनी हे जरूर वाचावे!

पुढे ग्लासगो विद्यापीठात तो उपकरणे बनवू लागला. तेथे न्यूकोमेनच्या इंजिनाची लहान प्रतिकृती दुरुस्तीस आली. ती थोडी चाले, की वाफ संपे. वॅटने कारण शोधले: दर फेरीला सिलिंडर पाण्याने थंड करून पुन्हा तापवावा लागे, आणि बरीच वाफ त्यातच वाया जाई. १७६५ साली उपाय सुचला. वाफ वेगळ्या पात्रात थंड करावी, सिलिंडर गरमच ठेवावा. तरी कामावर चालणारी इंजिने उभी राहण्यास १७७६ साल उजाडले.

१८०० साली निवृत्त झाल्यावर हा गृहस्थ माळ्यावरच्या खोलीत पुतळ्यांच्या प्रती काढणारी यंत्रे करीत बसे, ऐंशी वर्षांचा झाला तरीही! १८१९ साली तो वारला. ती खोली हत्यारांसकट आता लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे.